दहा मायक्रॉनच्या आत

खोकी आधीच छापून आली होती.
निळ्या ठळक अक्षरांत: मायक्रोसेल्युलर.
माल अजून साच्यात होता,
आणि जळगावच्या एमआयडीसीत मे महिना
पत्र्यावर चटचट वाजत होता.

शेठ म्हणाले, फेगडे मॅडम, फोमच ना शेवटी?
हलका आहे, भोकं आहेत. करा सही.

गुरांच्या रेतन केंद्रातून मागून आणलेल्या
द्रव नायट्रोजनात तुकडा बुडवला,
आणि मोडला. कापला नाही;
कापलेली कड दबते, आणि दबलेली कड खोटं बोलते.
स्कूटीवरून गिरणेचा पूल ओलांडून
विद्यापीठातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला,
फोटो घेऊन आले, पट्टी लावून बसले.
एकेचाळीस. अडतीस. पंचावन्न.
एका जागी मधली भिंत फाटून
दोन पोकळ्यांची झालेली एक.

सुकलाल आप्पा चहा घेऊन आले,
मूळचे धरणगावचे, मशीनवर एकवीस वर्षं.
"इतलं बारीक कोन मोजस, माय?"

मग मी सांगतच सुटले.
केळीचा दांडा आडवा कापा आप्पा,
हवेच्या खोल्या दिसतात, भिंतीला भिंत.
खापरावरच्या मांड्याचे फोड तर
बोटांवर मोजता येतात.
हे त्या जातीचं नाही.
इथं पोकळी दहा मायक्रॉनच्या आत हवी,
तुमच्या मिशीच्या एका केसाच्या जाडीत
सात-आठ शेजारी शेजारी बसाव्यात अशी.
आणि एका घन सेंटिमीटरात, बोराएवढ्या तुकड्यात,
शंभर कोटी.
देशाची खानेसुमारी, एका बोरात.

"कसाले पन?"

कारण प्लॅस्टिकच्या अंगात
जन्मापासूनच खोट असते, न दिसणारी.
पोकळी त्या खोटेहून लहान राहिली
तर तुटायला नवी जागा मिळत नाही.
वजन जातं, चिवटपणा जात नाही.

आप्पांनी बशीतला चहा संपवला.
वायू कसा विरघळतो ते त्यांना मी काय सांगणार;
गोटीसोड्याच्या बाटल्या भरण्यात
त्यांचं पोरपण गेलं होतं.
हळू सोडला की आधी जन्मलेले बुडबुडे
सगळा वायू गिळून ढेरपोटे होतात.
"मंग दाब एकदम सोडना पडी,"
एवढंच म्हणाले, आणि उठले.

रात्री तीनपर्यंत ते चाक फिरवत होते.
दाब वर, लगदा थोडा थंड, मग एका क्षणात मोकळा:
सगळ्यांनी एकदमच जन्मायचं,
वाढायला कुणालाच वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पूल, पुन्हा फोटो.
नऊ. सात. आठ. नऊ.
चौकोनातल्या मोजल्या, क्षेत्रफळानं भागल्या, दीड घात केला.
साठ कोटी.

आकार बसला, गर्दी कमी पडली.
एका पुस्तकात दहा कोटींवरही भागतं,
दुसरं शंभरच्या खाली दारात उभं करत नाही.
शेठ पहिल्या पुस्तकाचे.

मी अर्जावर तो शब्द लिहिला नाही.
सरासरी व्यास लिहिला, संख्या लिहिली,
नमुना कुठून मोडला तेही लिहिलं,
आणि त्याखाली सही केली.

गोदामात आप्पा खोक्यांच्या थप्पीला टेकून
घोरत होते. पाठीआड
अर्धा शब्द झाकला गेला होता.
दिसत होतं तेवढं वाचलं: मायक्रो.
तेवढं खरं होतं.