पोचले की कळव

उम्म अल क्वैनच्या खाडीत माझी होडी असते,
चौदा फुटी, मी तिची तिसरी मालकीण.
आधीच्या जोडप्याने नाव खरवडून काढलं होतं.
मला बिननावाची चालली असती.
इब्राहिम सारंग म्हणाला, नाव हवंच,
बोलावशील तेव्हा काय सांगशील, कोण बुडतंय?
म्हणून टिटवी. समुद्र आटवायला निघालेली, म्हणीतली.

इब्राहिम दाभोळचा. इंजिनं दुरुस्त करतो.
बत्तीस वर्षांत नखांतलं ग्रीस
एकदाही पूर्ण निघालेलं नाही.
वायरलेस त्याने निवडला, पैसे मी दिले,
आणि धक्क्यावर, बटण न दाबता,
त्याने माझ्याकडून घोकून घेतलं:
टिटवी, टिटवी, टिटवी.
कुठे आहे. काय झालंय. किती माणसं.
"एक," मी म्हणाले आणि हसू आलं,
एवढ्या पाण्यात एवढासा आकडा.
तो हसला नाही.
"सोळा नंबरवर सोळा आणे खरं बोलायचं, बाय.
भ्यालीस म्हणून बोलवायचं नाय.
बुडतेस तर लाजायचं नाय."

आई सांगायची, जाते म्हणू नये, येते म्हणावं.
इब्राहिमने फक्त विचारलं, येते, पण किती वाजता?
ते कागदावर लिहायचं. कुठवर, कोणत्या बाजूने,
जाकीट केशरी, शीड पांढरं
(पांढऱ्यावर त्याची नाराजी: फेसात काय दिसणार?)
आणि कागद त्याच्या दुकानात,
फॅनबेल्टांच्या खिळ्याला.
सहापर्यंत फोन आला नाही
तर तो वाट बघत बसणार नव्हता.

त्या शनिवारी दुपारीच शमाल उठला.
सुकाणूची पिन तुटली.
वायरलेस हातात घेतला, परत ठेवला.
बुडत नव्हते. हे खरं होतं.
वल्ह्याचं सुकाणू करून, किनाऱ्याच्या कलाने,
चार तासांनी जझीरा अल हमराच्या वाळूत लागले,
एकटी, कुणाला त्रास न देता.
अभिमान ओल्या चपलेसारखा कचकचत होता.

एका मल्याळी टपरीत चहा घेतला, मग पराठा,
मग पुन्हा चहा.
माझा फोन पाणी जाऊन मेला होता,
असंच सगळ्यांना सांगत आले.
टपरीवाल्याचा काउंटरवर होता. हातभर अंतरावर.
इब्राहिमचा नंबर मला पाठ आहे.
मगरिबची अजान झाली, मी साखर ढवळत होते.

टॅक्सीने धक्क्यावर आले तर निळी बत्ती फिरत होती,
आणि तीन होड्या बाहेर.
एक कोस्टगार्डची.
एक दोघा बांगलादेशी खेकडेवाल्यांची,
ज्यांची नावं मला आजवर ठाऊक नव्हती.
तिसरी इब्राहिमची, छप्पन्न वर्षांच्या माणसाची,
त्या वाऱ्यात.

बॅगेत हात घातला. वायरलेस कोरडा, बॅटरी भरलेली.
चालू केला
आणि खरखरीतून त्याचा आवाज आला,
थकलेला, घाई नसलेला, कितव्यांदा कोण जाणे:
टिटवी, टिटवी, टिटवी.

बटण दाबायला अंगठा तयार होईना.
तालमीत हे नव्हतं.
मदत मागायची कशी ते घोकलं होतं,
मदत नको, हे सांगायची लाज
कुणी शिकवली नव्हती.

टिटवी बोलतेय.
धक्क्यावर आहे. काही झालेलं नाही.
किती माणसं, त्याने विचारलं.
विचारायची गरज नव्हती.
एक.

बराच वेळ नुसता वारा ऐकू येत राहिला.
मग तो इतरांशी बोलला, हिंदीत, मग अरबीत,
एकेकाला परत बोलावत.

आला तेव्हा काही बोलला नाही.
ओला शर्ट पिळला, दुकान उघडलं,
खिळ्यावरचा कागद काढला
आणि परतल्याची वेळ या रिकाम्या ओळीवर
घड्याळ बघून लिहिलं:
सात बावन्न.

खेकडेवाल्यांची नावं शहाबुद्दीन आणि रतन दास.
त्यांच्या डिझेलचे पैसे घ्यायला
ते तयार नाहीत.
दर शनिवारी पुन्हा देऊन बघते.