चार चौकोन

दर सहा महिन्यांनी झैनब तोच कागद पुढे करते.
एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी,
आणि प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन:
अजिबात नाही. थोडं. बऱ्यापैकी. खूप.

सात वर्षं झाली.
तेहतीस दिवस गळ्यावर किरण घेतले,
चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा, तो टेबलाला आवळलेला.
गाठ गेली. पेढे वाटले. मला कळलं नाही ते गोड होते का.

तोंड कोरडं पडतं का?
मी 'बऱ्यापैकी'वर खूण करतो.
'खूप' दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवावं,
आमच्या घरी ताटातलं शेवटचं थालीपीठ
कुणी उचलत नसे.

गिळायला त्रास?
पोळी पाण्याबरोबर जाते. भाकरी अडते.
कागदावर नुसतं 'घन पदार्थ' आहे,
भाकरीला वेगळी ओळ नाही.

चव?
शालनने पहिल्या वर्षी आमटीत मीठ वाढवून पाहिलं,
मग कमी करून, मग विचारणंच सोडलं.
मी रोज म्हणतो, छान झालीय.
काल ती म्हणाली, काल चिंच घालायची राहिली होती,
आणि परवाही.

मान वळते का?
मुहर्रकच्या पुलावर लेन बदलताना
मी अख्खा वळतो, खांद्यांसकट,
जुन्या कपाटासारखा.
उजव्या जबड्याखाली दाढी उगवत नाही.
अर्धी ब्लेड वाचते, मी सांगतो.
झैनब हसते, पण लिहून घेते.

शेजारच्या खुर्चीत हाजी मन्सूर, वय ब्याऐंशी.
तोच गळा, तेच यंत्र, माझ्याआधी दोन वर्षं.
आम्हा दोघांच्या हातात बाटल्या.
घोट, झाकण. घोट, झाकण.
त्यांचा बाप मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
मोडक्या हिंदीत ते सांगतात,
समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते,
माणूस कातडी पखाल घेऊन खाली उतरायचा
आणि खाऱ्याच्या पोटातून
प्यायचं पाणी वर आणायचा.
"अब?"
"अब बंद."
मग जबड्याखाली बोट टेकवून:
"ये भी."

रमजानात मी गोदीत बाटली हेल्मेटमध्ये लपवतो,
स्टोअरमध्ये व्हॉल्वच्या खोक्यांमागे जाऊन पितो.
क्रेनवाला बिलाल एकदा मागून येऊन म्हणाला,
उघड पी, भाऊ.
वरचा डॉक्टरची चिठ्ठी वाचतो.
तरी मी खोक्यांमागेच जातो.
लाज कसली, ते मलाही नीट माहीत नाही.

शेवटचा प्रश्न: आणखी काही?
खाली तीन कोऱ्या ओळी.
इतकी वर्षं मी त्या कोऱ्याच दिल्या.
आज लिहिलं, मराठीत, एकच शब्द:
शीळ.

झैनबने कागद उलटा केला, सुलटा केला.
हे काय?
मी दोन बोटं ओठांत घातली.
याच दोन बोटांनी मी
चाळीस मीटर उंच केबिनमधल्या बिलालला
खाली बघायला लावायचो,
ग्राइंडर चालू असताना, वारा उलटा असताना.
आता गळ्यात प्लॅस्टिकची पिवळी शिट्टी असते.
ती वाजते. पण ती कुणीही वाजवू शकतं.

बोटांतून नुसती हवा आली.
हाजींनीही करून पाहिलं. त्यांची हवा माझ्याहून बारीक.
आम्हाला हसू आलं, हसण्याचा ठसका,
ठसक्यावर घोट. झाकण.

झैनब कागद घेऊन माझ्या मागच्या कपाटाकडे गेली.
मी बाटली पिशवीत घालत होतो,
तेवढ्यात मागून शीळ आली,
आखूड, लख्ख,
रांगेतली सगळी डोकी वळली.

मीही वळलो,
खांद्यांसकट, वेळ लागला.
तोवर कपाट बंद झालं होतं
आणि झैनब पुढचं नाव वाचत होती.