तिसरा

अक्कलकोट रोडच्या भंगारात
चार जण चार नावं घेत होते.
बसलिंगप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला,
बॉनेटखाली कोपरापर्यंत हात घातला,
अडलेली म्हैस तपासावी तसा.

चौथा गिअर उलट्या बाजूला.
असं मॉडेल कुठल्याच पुस्तकात नाही.

रॉकेलच्या बोळ्यानं गंज पुसला.
खाली छिन्नीनं ठोकलेलं: प्र. ३
"प्रकार तिसरा?"
"प्रयोग," ते म्हणाले. "दोन आधीच फुटले."

वेल्डिंगची रेघ उजवीकडून डावीकडे गेलेली.
सिद्रामचा हात.
मास्तरांच्या छड्या खाऊनही जो उजवा झाला नाही.

त्यांनी रेघेवर अंगठा ठेवला,
जरा जास्तच वेळ.
मग किलोचा भाव विचारला,
आवाज होता होईल तेवढा कोरडा ठेवून.