आतला खांब

एस्तेरबाईंनी टेम्पोतून उतरवून घेतला तेव्हा
हमालांना वाटलं, कपाट आहे.
माझ्याहून हातभर उंच डबल बेस. पोटाला भेग,
मान खोबणीत डुगडुगणारी, एक तार गायब.

मी मागांचा सुतार.
धोटे, फण्या, तुटके दांडे येतात माझ्याकडं.
असलं काही कधी हाताळलं नव्हतं,
पण लाकूड ते लाकूडच की.

बोटाच्या पेरानं ठोकत गेलो.
टण्ण, टण्ण, बद्द.
भेगेत कुणीतरी फेव्हिकॉल ओतलेला, वर चुका मारलेल्या.
ते उकरण्यातच अर्धा वैशाख गेला.
सोलापूरचं ऊन लाकडाला सुखानं बसू देत नाही,
म्हणून खोलीत ओली पोती टांगली,
सरस कढवला, शिकंजे आवळले.

हलवलं की आत काहीतरी गडगडायचं.
आरसा घालून बॅटरी मारली.
पोटातला खांब उभा असायचा तिथं
मिलची बॉबीन आडवी पडलेली,
टोकं कानशीनं घासलेली,
हिरवा पट्टा अजून शाबूत.

“वडील स्पिनिंगला होते,” बाई म्हणाल्या.
“रविवारी देवळात वाजवायचे, रात्रपाळी नसली तर.”

पोकळ बॉबीन नाही चालायची, मी सांगितलं.
देवदाराचा खांब बसवतो.
पण आवाज पहिल्यासारखा येईल, असा शब्द देत नाही.

“पहिल्यासारखा म्हणजे कुठला?
आम्ही तर हिचाच ऐकलाय.”

वाद्य अजून शिकंज्यात आहे.
बॉबीन त्या पर्समध्ये घालून घेऊन गेल्या,
बिलाचं न विचारता.