विंगेतली टॉर्च

आमच्या सावईवेऱ्यात तेव्हा बायका रंगमंचावर चढत नसत,
म्हणून नायिका फोंड्याहून यायची, दुपारच्या बसने:
एक ट्रंक, बिस्किटांच्या डब्यात चाळ,
आणि सोबत एक मावशी, जी
पाकीट मोजून झाल्याखेरीज पानाला चुना लावत नसे.

प्रेमावती कुंकळ्येकर.
तालीम एकच, तीही तोंडाला पावडर फासता फासता.
"माझा नवरा तू?" तिने आमच्या पुंडलीक लाइनमनला विचारलं,
"मग खांबावर चढल्यासारखा उभा राहू नकोस."
काल डिचोलीत तिचा नवरा फेरीबोटीवरचा खलाशी होता,
उद्या काणकोणात कुणी तलाठी असेल.
चारशे तरी झाले असतील.
एकाचंही नाव तिला आठवत नसणार,
असं मी धरून चाललो होतो.

मी प्रॉम्प्टर.
स्टुलावर मी, मांडीवर वही, टॉर्चला लाल जिलेटिन.
राजपुत्राला मी निम्मं नाटक दिलं,
खलनायकाला पाऊण, कारण तो घेऊन यायचा.
तिला एक अक्षर नाही.
उलट पुंडलीक अडला की तीच म्हणायची,
"आपण हेच म्हणणार ना, की मला विसरा?"
आणि त्याचं वाक्य बोलून
वर त्याच्यावर रुसायचीसुद्धा.

एका वर्षी ऐन नाचात वीज गेली.
जोडणार कोण? लाइनमन मुकुट घालून सिंहासनावर.
तबलजी थांबला.
ती थांबली नाही.
काळोखात चाळ, फळ्यांवर टाच,
फळ्यांखालचे रिकामे ड्रम घुमत होते,
आणि पेट्रोमॅक्स येईपर्यंत
सगळा गाव नाच ऐकत बसला होता.

पुढे ती नायिकेची थोरली बहीण झाली, मग सासू.
जाहिरातीतलं नाव
दर जत्रेला एक ओळ खाली उतरलं.
मावशी गेली.
चाळ घरीच राहू लागले, डब्यात आता गुडघ्याचं तेल.
पाकीट न मोजता ती ट्रंकेत टाकायची.

शेवटच्या खेपेला आईचं काम.
मुलगा वीस वर्षांनी दारात येतो,
आणि वाक्य एवढंच: "आलास? हात धू."
ती उभी. ओठ उघडे.
तिने विंगेकडे पाहिलं.
वाक्य माझ्या जिभेवर होतं.
मला वाटलं, हा अभिनय आहे,
असा मी कधी पाहिला नव्हता,
आणि मी टॉर्च विझवली.

मग ती खाली बसली, गुडघा धरून, सावकाश.
पदराने फळी पुसली,
नसलेलं पान मांडलं,
नसलेल्या भातावर नसलेली आमटी वाढली.
मागून कुणी म्हातारी ओरडली,
"आनी वाड गे ताका!"
आणि मांडवभर नाकं ओढल्याचा आवाज.

पहाटे पाकीट द्यायला गेलो.
"वाक्य दिलं नाहीस."
"तुम्ही मागितलं नाहीत."
"मागितलं होतं रे," ती म्हणाली,
आणि ट्रंकेचा एक कान माझ्या हातात दिला.

बसपाशी पुंडलीक आला होता,
पेन्शनीत निघालेला, हातात सुपाऱ्यांची पिशवी,
काय बोलावं ते न सुचून ताठ.
तिने पायरीवरूनच त्याला न्याहाळलं.
"अजून खांबावरच का रे?" म्हणाली,
"उतर आता."