नातं : पुरावा जोडावा

गणेशपेठेच्या स्टँडवर दादा
पाऊण तास आधीच येऊन बसलेला.
पायाशी रेग्झिनची बॅग, कोराडीत नोकरीला लागला तेव्हाची;
चेन तुटलेली, तोंड सुतळीनं आवळलेलं.
"आता येऊन राहिली?" म्हणाला.
बस अजून लागायचीच होती.

शालिकदादा अठ्ठावन्नचा, मी बावन्नची.
दोघंच, बायकोशिवाय, नवऱ्याशिवाय,
ना कोणाचं लग्न, ना कोणाची तेरवी,
असे कधी गेलो होतो का कुठं?
"काहून जाता पण?" वहिनीनं विचारलेलं.
"पाहायला," म्हणाला हा.
काय, ते सांगितलं नाही.

कन्हानच्या पुलावर त्यानं खिशातून नाणं काढलं,
पाहिलं, परत ठेवलं.
"पाचचं निघालं," म्हणाला.

रामटेकच्या लॉजवर मॅनेजर पोरगेलासा,
आधारकार्डं मांडून बसला पत्त्यांसारखी.
आडनावं वेगळी. पत्तेही वेगळे.
"सख्खे आहात, तर पुरावा दाखवा ना काही."

पुरावा.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
हरवलेली छत्री आपलीच का
असं पाहतात तसं.
नाक? त्याचं बाबांचं. माझं कोणाचं, ते ठरलंच नाही कधी.
शाळेचे दाखले पेटीत,
आणि पेटी कोणाकडे
यावर अकरा वर्षं कोणी बोललेलं नाही.

"एकच खोली द्या," दादा म्हणाला,
"खिडकीजवळ मी झोपतो."
"खिडकी तुझी कशी? गोंदियाच्या गाडीतही तूच,
मामाच्या दमणीतही तूच..."
"तुला उलटी व्हायची म्हणून!"
"मला? तुला! माझ्या नव्या लाल फ्रॉकवर!"
मॅनेजरनं किल्ली पुढं सरकवली.
रजिस्टरात लिहिलं : सख्खे.

गडाच्या पायथ्याशी काठ्या भाड्यानं मिळतात,
माकडांसाठी. म्हणजे माकडांविरुद्ध.
दहा रुपये, आणि डिपॉझिट एक चप्पल.
"एकच कशी?"
"दोन ठेवल्या तर माणूस अनवाणी निघून जाते, बाई.
एका चपलेनं कोणी लांब जात नाही."

दादानं डावी काढून दिली,
उजवी हातात घेतली.
माझ्या पायातल्या राहू दिल्या.
"तुझ्या टाचेला भेगा आहेत," एवढंच.

पायऱ्या मी मोजल्या, त्यानंही मोजल्या.
माझ्या भरल्या सहाशे एकोणऐंशी,
त्याच्या सातशे चार.
"तू बोलता बोलता विसरली."
"तू दम खाताना त्याच त्याच मोजल्या."

वर वारा होता. खाली खिंडसीचं पाणी
कोणी ताट घासून उन्हात ठेवावं तसं.
तिकडेच पाहत तो म्हणाला,
"पेटी माझ्याकडे आहे."
"माहीत आहे."
"फ्रॉक आहे तिच्यात. डाग गेला नाही."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "उलटी मलाच झाली होती."

तेवढ्यात वानरानं चप्पल पळवली.
कठड्यावर बसून हुंगली, तोंड फिरवलं,
पण दिली नाही.
"काठी काय शोभेला आणली?"
"काठी तुझ्या हातात होती!"
एक शाळेची सहल थांबून आमच्याकडे पाहत होती.

रात्री तो खिडकीजवळ घोरला.
मी जागी.
खिडकीतून काही दिसत नव्हतं,
समोर लॉजचीच पाण्याची टाकी.

काठीवाल्यानं डावी परत केली होती,
पुसून, दोन्ही हातांनी.
ती एकच घालून दादा नागपूरला उतरला.
"नवी घे ना बे," म्हटलं.
"घरी आहेत."
ऑटोतून एक पाय बाहेर, अनवाणी,
मानेवाड्याकडे वळेपर्यंत दिसत राहिला.

रात्री साडेदहाला फोन.
"पेटी उघडली. फ्रॉक हिरवा आहे."
"लाल होता."
"माझ्या हातात आहे, मी सांगून राहिलो ना."
"लालच होता, दादा."

शनिवारी जाणार आहे पाहायला.
जाता जाता सीताबर्डीत चपलेच्या दुकानात थांबीन.
आठ नंबर लागतो त्याला,
का नऊ?