स्केल

बिटकोजवळच्या रद्दीवाल्याकडे, किलोच्या भावात.
कोपऱ्यात: लहानू ताजनपुरे, ट्रेसर, नाशिकरोड.
हुद्दा नावापेक्षा ठळक.
साल १९३१, त्यातला शेवटचा १
धुराड्यासारखा ताठ, वर धुराचं वेटोळं.

कागद कचेरीतला. एका बाजूला
कामगारांच्या संडासांचा आराखडा, शाईत, चोख.
दुसऱ्या बाजूला कोळशाने
कारखान्याची पिछाडी.

गोदा नाही यात. घाट नाही, कळस नाही.
ज्यासाठी माणसं स्टेशनात उतरून टांग्यात बसत
ते सगळं पाच-सहा मैल लांब,
आणि याने मान वळवलेली नाही.
दातेरी छप्पर काढलंय, सात दात.
पाण्याची टाकी, नुकत्या जन्मलेल्या
वासरासारखी चार पायांवर अवघडून.
भिंत म्हणजे नुसती तीन रेघांची घाई.
बॉयलरघर. धुराडं.

मी बत्तीस वर्षं सातपूरला ड्रॉइंगं तपासली,
लाल पेन अजून खिशातच असतं.
पट्टी लावली.
छपराच्या रेघा एका बिंदूत मिळत नाहीत.
तीन बिंदू निघतात, त्यातला एक तर
कागदाबाहेर, माझ्या टेबलावर, चहाच्या कपाखाली.
सावल्या दोन दिशांना.
धुराडं साडेतीन अंश कललेलं.
माझ्याकडे आलं असतं तर
शेरा मारून परत पाठवलं असतं.

पण संडासांत एका सुताचीही चूक नाही.
म्हणजे येत होतं त्याला.

मग भिंग घेतलं.
राखेच्या ढिगाशी एक उभी रेघ, नखाएवढी,
तिच्या डोक्यावर आडवी: पाटी.
शेजारी बारीक अक्षरात, ठकू, दुसरी पाळी.
बाकी कागदभर पाव घासून घासून
पुसल्याचे डाग आहेत.
ही रेघ एकदाच ओढलेली.

कोळसा दुकानातला नाही हा. खरबरीत,
कागद जागोजागी ओरखडलाय.
ढिगातून वेचलेला असणार,
कुणी वेचून दिला ते विचारायचं नाही.

सावल्या दोन, कारण तो सकाळीही आला होता
आणि पाळी सुटतानाही.
बिंदू तीन, कारण बसायची जागा बदलावी लागली असेल,
मुकादम बघत असेल.
धुराड्याच्या कलण्याचं मात्र
मला काही सांगता येत नाही.

खाली छापील चौकट. तारीख भरली आहे,
शीट नंबर भरला आहे.
'स्केल'च्या पुढे कोरं.
मी पेनाचं टोपण काढलं,
थोडा वेळ तसाच बसलो.
चहा गार झाला होता, त्या तिसऱ्या बिंदूवर.